सोलापूरच्या दुधातलं गंधक

टेंभुर्णीला एस.टी. थांबली तरी मी मांडीवरचा डबा खाली ठेवला नाही. आत कापसात गुंडाळलेली अंडी होती. माझी विद्यार्थिनी महानंदा सुट्टीत सोलापूरला आली होती आणि तिच्या वडिलांनी कळवलं होतं, की संशोधन पुरे झालं, आता तिला पुण्याला पाठवणार नाही. ती काय करते ते त्यांच्या डोळ्यांसमोर दाखवायचं, असा मी चंगच बांधला होता. प्रयोगाला प्रथिन हवं, म्हणून अंडी; आणि गंधक भेटलं की पिवळं होणाऱ्या औषधाची बाटली पर्समध्ये.

सोलापूरला उतरले, तर पुण्याच्या उन्हाला आपण उगाच नावं ठेवतो असं वाटलं. नवी पेठेत खाली तिच्या वडिलांचं, शिवलिंगप्पांचं, कापडाचं दुकान, वर घर. रिक्षा गर्दीत अडकली, ती सोडून उरलेली वाट पायी कापली. जेवायला कडक भाकरी (ज्वारीची, पापडासारखी वाळवलेली), शेंगाचटणी आणि दही. यथेच्छ जेवले आणि ऐटीत डबा उघडला.

महानंदाच्या अव्वा (आई) दोन पावलं मागे सरल्या. घर पक्कं शैव. अंडं उंबऱ्याच्या आत येत नसे. इतकी वर्षं ही मुलगी माझ्या शेजारी बसून डबा खाते आणि मला एवढं सुचू नये!

"बाई, हे घरात चालत न्हाय की," शिवलिंगप्पा शांतपणे म्हणाले.

अंडी मी स्वतः खाली नेऊन रस्त्यावरच्या एका रिक्षावाल्याला दिली. तो खूश झाला, माझं मात्र तोंड उतरलं. आता कसला प्रयोग आणि कसलं काय!

वर आले तर महानंदा पदर खोचून उभी. "बाई, औषध आणलंय ना? अव्वा, न तापवलेलं दूध दे."

तिनं दूध लिंबानं फाडलं, निवळी गाळली, सोड्यानं आंबटपणा मारला आणि दोन ग्लासांत ओतली. एका ग्लासातली तापवून गार केली.

"अप्पा, प्रथिन म्हणजे सुताची गुंडी. आत गंधक दडलेलं असतं. तापवलं की गुंडी उलगडते. बघा."

दोन्हींत औषधाचे थेंब पडले. न तापवलेल्या निवळीचा रंग जेमतेम बदलला, दुसरी हळदीसारखी पिवळी झाली.

"तापल्या दुधाला वास येतो, तो ह्याचाच व्हय?" अव्वांनी विचारलं.

"त्याचाच. गंधकाच्या जागी मी त्याचा थोरला भाऊ बसवते, सेलेनियम. मग प्रथिन कसं वागतं ते बघते. आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा मीच बसवलं."

दुधाची ही युक्ती मी शिकवली नव्हती. स्वतःच्या पदवीचाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

शिवलिंगप्पा ग्लास उजेडात धरून म्हणाले, "रंग टिकतो का?"

"फार नाही, अप्पा."

ते तसेच ग्लास घेऊन जिना उतरले. खिडकीतून पाहिलं, तर समोरच्या सराफाच्या पेढीवर उभे. "माझ्या पोरीनं केलंय! दुधातलं गंधक हाय हे!" मग शेजारचं दुकान, मग त्याच्या पुढचं. पुण्याचा विषय मात्र रात्रीपर्यंत त्यांनी काढला नाही, आणि विचारायचा धीर मला होईना.

सकाळी बापलेक मला पोचवायला स्टँडवर आले. मी पर्समध्ये हात घालणार तोच शिवलिंगप्पा कंडक्टरला म्हणाले, "पुणं. दोन द्या." महानंदाची ट्रंक टपावर कधीच चढली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. शिकवायला म्हणून गेले होते आणि शिकूनच परतत होते, पण त्याचं वाईट वाटेना.

गाडी हलली तसे शिवलिंगप्पा खिडकीशी आले.

"बाई, परत या. डबा तेवढा मोकळा आणा. दूध हितं लई हाय."