पायरीवरच्या मावशी

आमच्या हॉस्टेलच्या मावशी दुकानाच्या आत कधीच कपडा पसंत करत नसत. दुकानदाराने पसरलेला ड्रेस उचलायचा, सरळ बाहेर पायरीवर यायचं, उजेडात तो मुलीच्या गळ्याशी धरायचा आणि डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडे बघायचं, ही त्यांची पद्धत. ड्रेसकडे त्या नंतर बघत. जव्हारच्या बाजारपेठेतले कापडवाले त्यांना 'पायरीवाली' म्हणत. काही कौतुकाने, बरेचसे वैतागून. "आतला उजेड दुकानदाराचा," मावशी म्हणायच्या. "त्याच्यात सगळ्याच पोरी ग्वाड दिसतात. मंग घरी जाऊन रडतात."

मावशी मूळच्या वावर गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या. हॉस्टेलात स्वयंपाकाला होत्या. आम्ही मुली कुणी पोशेऱ्याच्या, कुणी वांगणीच्या. दिवाळी झाली की बहुतेकींचे आईबाप वीटभट्टीवर निघून जात, मग नवीन ड्रेस घ्यायचा तर बरोबर कोण येणार? भाताचं पातेलं उतरवून, पदराला हात पुसत मावशीच निघत. स्वतःला मात्र त्यांनी कधी काही घेतलेलं मी पाहिलं नाही. दोन पातळं आणि दोन्हींना न जुळणारं एक पोलकं, एवढ्यावर त्यांनी माझी हॉस्टेलातली सहा वर्षं काढली.

मी काळी. आमच्यात निम्म्याहून जास्त मुली काळ्याच, पण प्रत्येकीला वाटायचं की आपण एकटीच. म्हणून आम्हा सगळ्यांना हवा असायचा फिकट गुलाबी, नाहीतर सायीच्या रंगाचा ड्रेस. दहावीच्या निरोप समारंभासाठी मीही तसलाच एक छातीशी कवटाळून उभी होते. मावशींनी तो काढून घेतला, नीट घडी करून जागेवर ठेवला आणि वांगी रंगाचा एक साधा ड्रेस बाहेर आणला. "गोरी दिसायला नको जाऊ, सुमे," त्या म्हणाल्या. "तू दिसली पायजेस." मी रस्ताभर फुरंगटून चालले. समारंभाच्या दिवशी मात्र तीन मुलींनी तो ड्रेस कुठून घेतला म्हणून विचारलं. तोपर्यंत माझ्याविषयी कुणी काही विचारलंच नव्हतं.

ड्रेस उलटा करून पाहिल्याशिवाय त्या पुढे बोलत नसत. शिवणीत माया, म्हणजे उसवायला जादा कापड, किती सोडली आहे, ते आधी. मग काठाला ओलं बोट घासून रंग निघतो का, ते. मग मुलीला पायरीवर उकिडवं बसवायचं, हात वर करायला लावायचे. "उभ्यानं तं बाहुलीलापन बसतो कपडा. तुला गाडीत चढायचंय, पानी भरायचंय." स्वस्ताईची त्यांची व्याख्याही वेगळी होती. जो ड्रेस उसवून धाकटीला आणि पुन्हा उसवून तिच्या मैत्रिणीला चालतो, तो स्वस्त. माझा तो वांगी ड्रेस माझ्यानंतर निदान चौघींनी घातला असेल.

बारावीनंतर नाशिकच्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात मुली घेणार असल्याचं कळलं. मुलाखत ऑगस्टात. ऑगस्टात जव्हारला समोरचं माणूस दिसत नाही इतकं धुकं असतं, आणि धुक्यात रंग खोटं बोलतो म्हणून मावशी पावसाळ्यात खरेदीला जातच नसत. माझी मुलाखत दोन दिवसांवर आली. मी रडकुंडीला आले, तरी त्या ढिम्म. आदल्या दिवशी दुपारी अर्धा तास उघडलं. मावशी चुलीवरचं कालवण दुसरीच्या हवाली करून अक्षरशः पळाल्या, मला हाताला धरून. गर्द हिरवा, बाह्या पाऊण, किंमत बेताची. तो घालून मी गेले आणि मला नोकरी लागली. मालकीणबाईंनी पहिलं वाक्य काढलं ते हेच, "तुला कपड्यातलं कळतं."

मला काय कळत होतं? जे होतं ते मावशींचं होतं. पण मी हसून मान डोलावली आणि तिथूनच माझा खोटेपणा सुरू झाला. दुकानातल्या मुलींना मी सांगितलं, आम्ही ठाण्याचे. हॉस्टेल, पोशेरा, वीटभट्टी, सगळं गिळून टाकलं. चार वर्षांत मी मजल्याची प्रमुख झाले. त्या मजल्यावर एक खिडकी नाही. आरसे किंचित मागे कललेले, दिवे पिवळसर. त्यात प्रत्येक बाई उंच आणि उजळ दिसते. घरी जाऊन ती रडत असेल, हे मला माझ्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. तरी मी "खूप खुलून दिसतं हो तुम्हाला" म्हणत राहिले. अजूनही म्हणते.

मावशींना मी अधूनमधून फोन करायची. एकदा बढाईच्या भरात म्हणून गेले, "कधी या ना मुलींना घेऊन. मी आहे तिथं." मावशी लोकांचं बोलणं खरं मानत. कुंदा नावाच्या मुलीची नाशिकला नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुलाखत होती. आदल्या दिवशी मावशी तिला घेऊन थेट आमच्या दुकानात आल्या. येते म्हणून कळवलंही नाही. आपल्या माणसाकडे जाताना कळवायचं कशाला?

मी एका गिऱ्हाइकाला साड्या दाखवत होते. मावशी मला दिसल्या. त्यांनाही मी दिसले. कामात आहे हे बघून त्यांनी लांबूनच हात केला आणि कुंदाला घेऊन स्वतःच ड्रेस चाळू लागल्या. मीही डोळ्यांनी 'थांबा' म्हटलं. मनातून मात्र त्या पोलक्याची मला लाज वाटत होती. हे आज लिहितानाही हात आखडतो, पण खरं आहे. थोड्या वेळाने त्यांनी एक ड्रेस खांद्यावर टाकला, कुंदाचं मनगट धरलं आणि जिना उतरून काचेच्या दाराकडे चालू लागल्या.

दारातली घंटा कर्कश वाजली. पहारेकऱ्याने त्यांचा दंड धरला. "ओ अम्मा, बिना बिल के किधर?"

"कुठं नाय जात दादा," मावशी म्हणाल्या, "पायरीवर नेऊन बघते फक्त. पोरीला रंग शोभतो का."

माणसं जमली. मी अर्ध्या जिन्यापर्यंत आले आणि तिथेच उभी राहिले. मॅनेजर विचारत होते, कोण, कुठल्या, असं कसं घेऊन निघालात. कुंदा रडायला लागली. मावशींची पिशवी उपडी केली. त्यातून फडक्यात बांधलेल्या नाचणीच्या भाकरी निघाल्या, तिघींपुरत्या.

"आमची पोरगी हाय इथं कामाला," मावशी म्हणाल्या.

"कोण? नाव सांगा," मॅनेजर म्हणाले.

मावशींनी मान वर केली. आमची नजरानजर झाली. एक शब्द बोलले असते तर सगळं मिटलं असतं. मी जिन्याच्या कठड्यावर लटकवलेला सेलचा फलक सरळ करू लागले.

मावशींना माझ्या तोंडावरून कळलं. आयुष्यभर त्या तेच तर बघत आल्या होत्या. "नाय," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. दुसऱ्या दुकानात असंल ती." मग त्या खाली बसल्या, भाकरी गोळा केल्या, तो ड्रेस व्यवस्थित घडी करून काउंटरवर ठेवला आणि कुंदाला घेऊन निघून गेल्या. माझी नोकरी राहिली. ठाण्याची म्हणूनच राहिली.

महिनाभराने सुट्टी काढून मी जव्हारला गेले. हॉस्टेलच्या दारात कुंदाच भेटली. तिची निवड झाली नव्हती. मुलाखतीला ती जुन्याच ड्रेसवर गेली होती. ड्रेसमुळे निवड हुकली असं कुणी म्हणणार नाही. मला मात्र तसंच वाटतं.

मावशी भात वैरत होत्या. मला बघून उठल्या, ऑफिसातली खुर्ची आणून पदराने पुसली. "बसा, मॅडम." पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीतून चहा दिला. मी म्हटलं, "मावशी, मला शिव्या द्या, पण अहो-जाहो नका करू." त्या माझ्याकडे बघून हसल्या, राग लपवणाऱ्या माणसासारखं नाही, एखाद्या अनोळखी बाईकडे बघून हसतात तसं. "तुमी एवढ्या लांबून आल्या," म्हणाल्या, "चहा गार होईल."

मी खूप काही बोलले, माफी मागितली, रडलेही असेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा उठून भाताखालची लाकडं मागे ओढली. मी निघाले तेव्हा त्यांनी दारातून हाक मारली.

"कुंदे, मॅडमला स्टँडपर्यंत सोडून ये. त्यांना इथली वाट ठाऊक नसंल."