चपलांवर कोण?

तोक्योतल्या फुनाबोरीत चैत्राली ताम्हनकरच्या घरी जेवायला जायचं असेल, तर पोटाबरोबर हातही रिकामे ठेवून जावं. दार उघडून ती "या, या" म्हणते आणि तुम्ही टेकता न टेकता तोच मटाराचं ताट पुढ्यात सरकवते. "नुसतं बसून काय करणार? सोला." नवरा सारंग बिचारा ओशाळतो, पण त्याला विचारतो कोण! एकदा त्याच्या जपानी साहेबांना तिने नारळ खवायला बसवलं होतं. साहेब निघताना म्हणाले, इतका मजेचा रविवार कित्येक वर्षांत गेला नव्हता.

ही सवय चिंचवडची. तिथल्या सोसायटीच्या गणपतीत तिचे बाबा कार्यकर्ते होते, आणि त्यांचा खाक्या असा, की मंडपात पाय ठेवणाऱ्याला काम मिळालंच पाहिजे. कुणी माइकवर, कुणी प्रसादावर, आणि जो सगळ्यात उशिरा येईल तो चपलांवर. चैत्रालीला वेण्या घालण्यात उशीर व्हायचा, त्यामुळे ती कायम चपलांवर.

जपानला आली आणि सगळंच उलटं झालं. सारंगला इथे नोकरी मिळाली म्हणून तिने आपली सोडली, आणि इथे तिला कुणी कामालाच लावेना. लेकीच्या, म्हणजे अबोलीच्या, शाळेत पालकांची सभा असली की बाकीच्या आया टेबलं उचलायच्या, पताका लावायच्या. हिने हात पुढे केला की, "तुम्ही बसा हं, भाषेचा त्रास होईल तुम्हाला." इतक्या गोड आवाजात, की भांडायचीही सोय नाही. अहो, पताका लावायला कसली आलीय भाषा? आठ वर्षं बाई बसून राहिली. जीव अगदी विटला होता तिचा.

मग घरबसल्या ती ब्लॉकचेन शिकली. म्हणजे काय, तर एकच नोंद शेकडो कॉम्प्युटरवर राहते आणि प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला बांधलेली असते, त्यामुळे कुणा एकाला गुपचूप फिरवाफिरव करता येत नाही. योकोहामातल्या एका छोट्या कंपनीने तिला वर्षाच्या कराराने घेतलं. स्वतःचं नाव छापलेलं कार्ड मिळालं, तेव्हा तिने ते आधी देवापुढे ठेवलं आणि मग पर्समध्ये.

कंपनीने आपली ब्लॉकचेन तयार केली होती, पण तिच्यावर प्रोग्रॅम लिहिणारी माणसं हवी होती. मालक हिरानो-सान यांच्या मनात आलं, की जपानमध्ये शिकणारे, नोकऱ्या करणारे इतके आफ्रिकन तरुण आहेत, त्यांचा एक समाज उभा करावा. ती मुलं पुढे आपापल्या देशांतल्या मित्रांनाही जोडतील. कल्पना उत्तम. करायचं कुणी? सगळ्यांनी एकमताने चैत्रालीकडे पाहिलं.

"म्हणजे बाहेरचे सगळे एकाच गावचे वाटतात की काय यांना!" घरी येऊन ती सारंगवर कडाडली.

"मग नाही म्हणून सांग."

"नाही कशाला म्हणू? वेडा आहेस का तू?"

पहिल्या दोन सभा तिने अगदी जपानी शिस्तीत घेतल्या. योकोहामाच्या ऑफिसात खुर्च्यांच्या रांगा, गळ्यात नावाची पट्टी, पडद्यावर चित्रं, शेवटी "काही प्रश्न?" आणि त्यानंतर ती भयाण शांतता. पहिल्या सभेला हॉल भरला होता. दुसरीला पाच जण उगवले, त्यातला एक बहुधा एसीसाठी.

हिरानो-सान रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "तिसरी सभा घ्या. मात्र त्यानंतरच्या महिन्यात आपण कुणालाही बोलावणार नाही. निमंत्रण नाही, हॉल नाही. तरीही माणसं जमली, तर तो समाज. नाही जमली, तर ते पाहुणे होते." आणि पाहुणेच ठरले, तर हे काम बंद. त्याबरोबर चैत्रालीचा करारही संपणार होता. पुन्हा सोफा, पुन्हा 'तुम्ही बसा हं'.

तिसऱ्या सभेला ऑफिसचा हॉल मिळाला नाही. मग तिने फुनाबोरीतल्या समाजकेंद्रात दुसऱ्या मजल्यावरची खोली घेतली. जमिनीवर तातामी, म्हणजे गवताच्या चटया, त्यामुळे बूट बाहेर काढायचे. पाहुणे वक्ते त्सुकुबाहून यायचे होते. नेमका त्या शनिवारी असा वारा सुटला की त्यांची गाडी मधेच अडकली. इकडे दारात वीसेक माणसं उभी, बुटांचा हा ढीग, पडद्याची वायर सापडेना, आणि सगळे अदबीने विचारतायत, "आम्ही कुठे बसू?"

तिथे चैत्रालीचं डोकं सटकलं. चिंचवडचा मंडप अंगात संचारला म्हणा ना.

"बसू काय बसू! पाहुण्यांसारखे काय उभे राहिलात?" हे मराठीत झालं, पुढचं इंग्रजीत. "तू, चहाचं पाणी ठेव. तुम्ही दोघं, ती टेबलं भिंतीला लावा. तू वायर शोध. हां, आणि तू?" हे वांजिरूला. केनियाची ही उंच मुलगी तोक्योत नोकरी करायची. "तुझा आवाज चांगला आहे, तू माइकवर." तेवढ्यात जिना चढून, धापा टाकत, करड्या दाढीचा एक गृहस्थ आला. सगळ्यात उशिरा आला. चैत्रालीने त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही चपलांवर."

खोलीतल्या सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

वांजिरू तिच्या कानाशी लागली. "चैत्राली-सान, ते क्वाबेना आहेत. घानाचे. आमच्यातले निम्मे लोक त्यांचे व्हिडिओ बघून ब्लॉकचेन शिकले."

धरणीमाय, पोटात घे! चैत्राली लालबुंद झाली. आजवर एवढ्या लोकांना तिने कामाला लावलं होतं, पण असा दणका कधी बसला नव्हता. ती माफी मागायला वळते, तर क्वाबेना दाराशी मांडी ठोकून बसलेले, आणि बुटांच्या जोड्या लावता लावता गदागदा हसतायत.

"अहो, उठा, उठा. मी करते," ती म्हणाली.

"अजिबात नाही. आमच्याकडे लग्नाला गेलं की दारातच हातात काहीतरी देतात. खुर्च्या उचल, पाणी आण. या देशात माझं सगळे फार प्रेमाने करतात हो, पण जिथे जावं तिथे 'बसा, बसा'. काम सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या."

हे तर चैत्रालीचंच दुखणं होतं, शब्दाचाही फरक नाही. "मग नीट लावा," ती कशीबशी म्हणाली. "डावा-उजवा बघून."

क्वाबेनांनी बुटांची एक लांब रांग लावली आणि सगळ्यांना बाहेर बोलावलं. प्रत्येकाने आपल्या जोडीचा फोटो काढायचा, पण त्यात आधीची जोडी दिसलीच पाहिजे. काढले. मग त्यांनी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली आणि चैत्रालीला खूण केली. तिने रांगेतल्या आपल्या सँडल उचलून तिसऱ्या नंबरावर घुसवल्या.

"वळा. चोर शोधा."

फोन उघडले, आणि एकच गलका झाला. "माझ्या आधी या नव्हत्या!" "माझ्या आधी होत्या त्या गेल्या कुठे?" "चैत्राली-सानच्या आहेत!" एवढ्याशा वेळात पकडली गेली बाई.

"ही झाली ब्लॉकचेन," क्वाबेना म्हणाले. "वक्ते नाहीत म्हणून काय अडलं? आता हेच प्रोग्रॅममध्ये लिहून काढू."

मग ज्याला टेबल मिळालं तो टेबलावर, बाकीचे चटईवर, आणि वांजिरू माइकवरून एकेकाला हाका मारतेय. चहा दोनदा झाला. शेवटी केंद्राचे म्हातारे राखणदार किल्ल्या वाजवत वर आले, तेव्हा सगळ्यांनी मिळून खोली झाडली. हिरानो-साननी पाठवलेले अभिप्रायाचे कागद मात्र तसेच कोरे राहिले.

पुढचा महिना चैत्रालीने कसा काढला ते सारंगला विचारा. निमंत्रण द्यायचं नाही म्हणजे नाही. वांजिरूचा नंबर फोनमध्ये होता, बोटं शिवशिवत होती, पण शब्द दिला होता. चिडचिड इतकी, की एकदा सारंगला एकाच दिवसात दोनदा कपाट आवरायला लावलं. अबोलीने जपानीत काहीतरी पुटपुटून दार लावून घेतलं.

पुढच्या महिन्यातला, सभेचा असतो तो शनिवार आला. खातरजमा करायला हिरानो-सान स्वतः फुनाबोरीला आले. स्टेशनपासून दोघं चालत निघाले. चैत्रालीने मनाची तयारी करून ठेवली होती. कार्ड तेवढं परत मागू नका, असं सांगायचं ठरवलं होतं तिने.

केंद्राच्या दारात राखणदार आजोबांनी तिला पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "उशीर केलात. तुमची माणसं केव्हाची वर गेलीत."

"माझी माणसं?"

ती जिना दोन दोन पायऱ्या करत चढली. वर, खोलीबाहेर, बुटांची रांग लागलेली. डावा-उजवा नीट बघून, मागच्या वेळेपेक्षा लांब, जिन्याच्या कठड्यापर्यंत पोचलेली. आतून वांजिरूचा माइक, हशा आणि उकळत्या चहाचा वास. खोली वांजिरूने आपल्या नावावर घेतली होती. चैत्रालीला कुणी विचारलंही नव्हतं, कळवलंही नव्हतं. जमलेल्यांनी नवी माणसं बरोबर आणली होती, आणि ती नवी माणसंसुद्धा टेबलं सरकवत होती.

क्वाबेना दारात आले. हातात चहाची किटली. चैत्रालीकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घड्याळावर बोट ठेवलं.

"सगळ्यात शेवटी आलात. तुम्ही चपलांवर."

चैत्राली हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. मागे हिरानो-सान आपले काळे चकचकीत बूट काढून, हातात धरून उभे होते. बुजलेच होते थोडे. "ताम्हनकर-सान," त्यांनी हळूच विचारलं, "मी कुठे बसू?"

तिने त्यांचे बूट घेतले, आपल्या सँडलशेजारी रांगेच्या शेवटी नीट लावले आणि डोळे पुसले.

"इथं कुणी बसत नाही, हिरानो-सान. आत जा, कप विसळायचे राहिलेत."

ते खरंच आत गेले. करार वाढवण्याचं बोलणं सोमवारी ऑफिसात झालं आणि फार वेळ लागला नाही. पण त्या दुपारी चैत्राली दारातच मांडी घालून बसली. नवी माणसं येत होती, आणि ती प्रत्येकाला सांगत होती, आधीच्या जोडीसकट फोटो काढा.