राखणदारासाठी कोरलेली टेकडी

परळला आमची चाळ टेकडीला चिकटून आहे. टेकडी गप्प दिसते, पण ती कायम मार खात असते. उन्हाने कातळ तडकतो, फटीत पाणी घुसतं, पिंपळ मुळं घालून दगड फाडतो. वरचं सगळं खाली यायला टपलेलं. पायथ्याच्या मातीने अडवून धरलेलं.

तीच माती चाळीतल्या आमच्या कोकणातल्या गाववाल्यांनी काढली. गावाकडे जागा राखतो तो देव म्हणजे राखणदार. त्याचा दगड इथेही हवा म्हणून उतारात कोनाडा कोरला. मग नारळ ठेवायला ओटा, मग देवाला गाऱ्हाणं घालायला उभं राहण्यापुरती जागा. दर वर्षी पहार आणखी आत. सगळ्यांच्या पुढे माझा दीर. नवरा मेल्यापासून घरात आम्ही दोघंच. एक शेजारी आडवा आला, तर दिराने त्याच्या तोंडावर घमेलं हाणलं. ओठ फाटला त्याचा.

मी म्हटलं, "भावोजी, पुरे आता. डोंगर आंगावर येतलो."

"वयनी, राखणदार आसा मा! तो धरतलो डोंगर."

"कोरल्यार तोच आधी खाली येतलो."

तो हसला.

श्रावणात पाऊस थांबून ऊन पडलं होतं. दीर उदबत्ती लावायला मागे गेला. आधी पत्र्यावर खडे वाजले, मग बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि पिंपळासकट उतार सुटला. चिखलाने दिराला भिंतीवर आपटलं आणि छातीपर्यंत गाडलं. तोंडातून रक्त येत होतं. एक गाववाला नारळ घेऊन गाऱ्हाणं घालायला लागला. मी नारळ हिसकावला, त्याच्या कानाखाली मारली आणि हातात फावडं दिलं. मी नखांनी माती उकरत होते. दोन नखं तिथेच राहिली. ओठ फाटलेला शेजारी माझ्या बाजूला खणत होता. दीर जिवंत निघाला, पण कंबर मोडली ती मोडलीच.

पुढच्या वर्षी गाववाले पुन्हा पहारी घेऊन आले. ढिगाऱ्यात राखणदाराचा दगड सापडला होता. "आता आत, कातळातच बसवूया," म्हणाले. मी कोयता घेऊन मागच्या दारात उभी राहिले.

दीर खाटेवरून ओरडला, "पहारी ठेवा, मेल्यांनो! तेका घरात घेवन येवा. हय मी तरी तेची राखण करीन."

दगड त्याच्या खाटेखाली आहे. मागे पत्र्यावर अजून खडे पडतात. खडा वाजला की दीर हात खाली घालून दगड चाचपतो.