उखर्डू आबांनी भोंगा हातात घेतला

सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेग आल्याची बातमी रेडिओवर लागली आणि दुसऱ्याच दिवशी दोंडाईचा स्टेशनवर सुरतेकडून येणाऱ्या गाड्या माणसांनी लगडून येऊ लागल्या. मी तेव्हा जवळच्या एका खेड्यात आरोग्यसेवक होतो. गावातली पंधरा-वीस पोरं सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला होती. ती परतली असणार हे उघड होतं, पण एकाही घरातून कोणी तसं सांगत नव्हतं.

रेडिओ रोज सकाळी सांगत होता, तालुक्याची जीप भोंगा लावून फिरत होती. "संशयितांचे विलगीकरण करण्यात येत आहे, नागरिकांनी सहकार्य करावे." जीप दिसली की म्हाताऱ्या दारं लावून घेत. घरात शब्द चालायचा तो त्यांचाच.

द्रौपदाबाईंच्या दारात मी तीनदा गेलो. पासष्टीची विधवा बाई, उंबऱ्यात आडवी उभी.

"अक्का, भाईदास आला का?"

"मना पोऱ्या उनाच नही."

आतून खोकला आला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. पोलीस आणले असते तर भाईदास सापडला असता, पण बाकीची पोरं त्याच दिवशी शेताशिवारात पांगली असती. न्यावं तरी पंचाईत, ठेवावं तरी पंचाईत. खोकल्यातून पसरणारा प्लेग असेल तर हातात एखाद-दुसराच दिवस होता.

चावडीवर पंचायतीच्या रेडिओपाशी उखर्डू आबा बसले होते. वय शहाऐंशी. आधीची तीन भावंडं दगावली म्हणून जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललेले, म्हणून हे नाव. जन्मभर दुसऱ्यांची ढोरं राखली. बोलणं कमी, बातम्या मात्र एक चुकवायचे नाहीत.

"यादव भाऊ," ते म्हणाले, "ते इलगी... काय शे ते?"

"विलगीकरण, आबा. आजाऱ्याला वेगळं ठेवून औषध द्यायचं."

"औषीद देतस? धरी नेतस नही?"

"औषध देतात. कॅप्सूल आहेत. लवकर दिल्या तर माणूस वाचतो."

आठ दिवस रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला औषध आहे हे आत्ता कळलं होतं, तेही मी सांगितल्यावर. मला शरम वाटली.

"जीप कवय येई?" त्यांनी विचारलं.

जीप दुपारी आली. आबा काठी टेकत पुढे गेले आणि ड्रायव्हरकडून त्यांनी माइक मागून घेतला. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. गल्लीभर नुसती खरखर ऐकू येऊ लागली. ओट्यावरून कोणीतरी ओरडलं, "बंद करा रे ते!"

"भाऊ-बहिनीस्वन, मी उखर्डू बोली ऱ्हायनू," आबा म्हणाले. "मी दहा वरीसना व्हतू. पलेग उना. मन्या मायले काखमा गाठ व्हती. पलेगना साहेब दारमा उना, तवय बाप बोलना, सांग, माय माहेरले गयी. मी तसंच सांगं. माय घरना माळ्यावर पोत्यासमांगे व्हती."

पुन्हा खरखर. आबा एवढ्यावरच थांबले तर गावाला नुसती भीतीच मिळेल, असं वाटलं.

"चार दिनमा माय गयी. मंग बाप. मंग दोन्ही बहिनी. मन्या खोटामुळे. तवय औषीद नव्हतं. आते शे. ज्यानी पोऱ्या लपाडा व्हई, त्यानी त्याले भायेर काढा. मी हात जोडस."

माइक खाली ठेवून ते तिथेच मातीत बसले. शहात्तर वर्षांत त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, हे ओट्यावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

बराच वेळ एकही दार हललं नाही. मी मनात शंभरापर्यंत मोजलं, पुन्हा मोजू लागलो. मग गल्लीच्या टोकाला कडी वाजली. द्रौपदाबाई भाईदासला खांद्याचा आधार देऊन बाहेर आणत होती. पोराचे डोळे लाल, अंग तव्यासारखं. तोंडाला तिनं आपल्याच जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला होता.

"मी संगे येसू," ती म्हणाली. "त्याले एकला धाडाव नही."

"चल अक्का."

दोघांना धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत आणखी सहा घरांनी पोरं दाखवली, पैकी दोघांना ताप होता; त्यांनाही धुळ्याला पाठवलं. मी घरोघर कॅप्सूल वाटल्या आणि पुढे आठवडाभर रोज सकाळी प्रत्येकाचा ताप पाहत राहिलो. रिपोर्ट येईपर्यंत मला नीट जेवण गेलं नाही. भाईदासला मलेरिया निघाला. बाकी दोघांनाही प्लेग नव्हता.

आबा मात्र चार दिवस चावडीवर आले नाहीत. मी घरी गेलो. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"आबा, तुमचं बोलणं टेपवर घेऊ का? दुसऱ्या गावांना ऐकवू."

"नही भाऊ. ते एकदाच सांगानं व्हतं."

मी उठलो. तेव्हा तेही उठून बसले, काठी शोधू लागले.

"पन तू म्हाताऱ्यासकडे जाशी तवय माले बलाव. तुनी बोली त्यासले समजत नही."

पुढे दोन वर्षं, पाय चालत होते तोवर, आबा माझ्यासोबत घरोघर आले. मी सांगायचो, ते अहिराणीत सांगायचे. मायची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही.