सनदेला हळदकुंकू

सख्ख्या धाकट्या बहिणीला मी सवत करून आणायला निघाले होते. मला कुणी शिकवलं नव्हतं. ती अक्कल माझी स्वतःची.

दुष्काळात इंग्रजांच्या लष्कराला चारा पुरवला, म्हणून माझे आजेसासरे ‘राजा’ झाले होते. किताब वंशपरंपरेचा. थोरल्या मुलाकडे जायचा, मुलगाच नसला तर संपायचा. लाल लाखेचा शिक्का असलेली ती सनद आमच्या देवघरात होती. दसऱ्याला मी तिला हळदकुंकू वाहायची आणि मुलगा मागायची. तीन मुली झाल्या. तिसरीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी यापुढे मूल नाही म्हणून सांगितलं, आणि सासूबाई देवळीला मुली बघायला जाऊ लागल्या. परकी आली तर मला मुलींसकट गोठ्यात झोपवेल, बहीण आली तर निदान ताटात पोळी वाढेल, असं माझं शहाणपण.

वडनेरला माहेरी जाऊन बाबांचे पाय धरले. बहीण मास्तरणीच्या परीक्षेची तयारी करत होती. तिनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तू राणी होशील, असं मी तिला समजावलं. सांगणारी राणी स्वतः चुलीत फुंकर मारून डोळे लाल करून बसलेली! बाबा शेवटी हो म्हणाले. तिचं हो-नाही कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पत्रिकेचा मसुदा सासऱ्यांपुढे गेला, तेव्हा त्यांनी आपल्या नावाआधीचं ‘राजा’ पेनानं खोडलं. हे छापलं तर तहसीलदार हसेल, म्हणाले. नवी घटना आली तेव्हाच किताब गेले. दोन वर्षं त्यांना ठाऊक होतं. घरातल्या बायकांना सांगायची लाज वाटली, आणि आम्ही आपलं हळदकुंकू वाहतोय.

तो कागद घेऊन मी नवऱ्यापुढे उभी राहिले. वडिलांपुढे कधी मान वर न केलेला माणूस. पण त्या दिवशी त्यांनी वडिलांना विचारलं, आता वारस हवा तो कशाचा? लग्न मोडलं.

पहिल्या बसनं मी वडनेर गाठलं. वाटलं, बहीण गळ्यात पडेल. ती सुपात तुरीची डाळ निवडत होती. वर न बघता म्हणाली,

“बाई, किताब गेला म्हून मी वाचली. गेला नसता, त तू मले नेलंच असतं ना?”