जज्जसाहेबांना मी दिलेले वडील

"हा गृहस्थ कोण?" मिस डोरोथींनी टचस्क्रीनवर काठी टेकवून विचारलं.

"जज्जसाहेबांचे वडील," मी अभिमानानं म्हणालो.

"त्यांचे वडील सॅम्युअल. हॉलिस नावाचा पुरुष आमच्या घराण्यात कधी नव्हता. इतक्या पिढ्यांत आमच्यावर असा आळ कुणी घेतला नाही, यंग मॅन."

मी बावन्न वर्षांचा आहे. तरी मान खाली घातली.

नॉर्थ कॅरोलायनातल्या एका छोट्या म्युझियमसाठी मी वंशवृक्षाचं सॉफ्टवेअर केलं होतं. विषय तिथले जुने जज्ज: राज्याची घटना लिहायला बसलेले, पुढे घोड्यावरून गावोगावी कोर्ट भरवणारे. मिस डोरोथी त्यांच्यातल्या एका जज्जसाहेबांच्या वंशातल्या शेवटच्या. जज्जसाहेबांची पत्रं त्यांच्याच ट्रंकेत होती आणि त्या ती उद्घाटनात म्युझियमला देणार होत्या. उद्घाटन तासाभरावर आलेलं.

डायरेक्टर कॅरलनं मला कोपऱ्यात घेतलं. "ट्रंक परत गाडीत ठेवायला सांगतायत त्या. काय केलंस तू?"

केलं ते असं. डेटामध्ये वडिलांचे बरेच रकाने रिकामे होते. ते भरायला मी एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे तेच काम न कंटाळता करत राहणारा छोटा प्रोग्राम. नियम सोपा: वडील सापडले नाहीत तर मधलं नाव उचल. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचंच. टेस्टिंग नागपूरच्या मंगेशनं केलं. तोही म्हणाला, "परफेक्ट आहे यार." इथे मधलं नाव आईच्या माहेरचं आडनाव असू शकतं, जसं जज्जसाहेबांचं हॉलिस, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी जाऊन सगळं कबूल केलं. मिस डोरोथींनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तुमच्यात प्रत्येक मुलाच्या नावात बाप असतो?"

"मुलींच्याही."

"आणि आई कुठे असते?"

मी कॅरलकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"या ट्रंकेतली पत्रं जज्जनं आईला लिहिलीयत," त्या म्हणाल्या. "तुझ्या झाडावर तिला जागाच नाही. ती दे, मग बघू."

स्क्रिप्टनं जन्माला घातलेले सगळे बाप मी काढले. आईसाठी नवी चौकट केली. मिस डोरोथींनी चष्मा लावून ती वाचली आणि स्वतः ट्रंकेचं कुलूप उघडलं.

हल्ली रिकामा रकाना दिसला की मी तो रिकामाच ठेवतो आणि फोन लावतो. विचारायला पाच मिनिटं लागतात. वडील बदलायला चाळीस लागली.