एदमोंने लपवलेली तिकिटं

एदमों रतायचाक उत्तर फ्रान्समधल्या आमच्या लाँस गावात, बोलार या फुटबॉलच्या मैदानात, खुर्च्या दुरुस्त करायचा. गेटासमोर माझी फ्राइजची गाडी होती. दुपारी तो तिथेच जेवायचा, त्यामुळे त्याच्या मनातलं मला घरच्यांच्या आधी कळायचं.

मैदानात एकेचाळीस हजार जागा आणि गावाची वस्ती बत्तीस-तेहतीस हजार, हे तो कुठल्याही परक्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा. मंदीत कोळशाच्या खाणींचं काम आटलं तेव्हा बेकार कामगारांना लावून हे मैदान बांधून घेतलं होतं. त्यांत त्याचे आजोबा, म्हणजे त्याची आई हेद्विजबाई हिचे वडील, फावडं घेऊन होते. मैदान उघडलं त्याच साली, एकोणीसशे तेहतीसमध्ये, बाई जन्मली. एदमोंच्या लेखी मैदान घरचंच.

धाकट्या भावाला, काझिमीरला, हे काम त्यानेच शिकवलं. पण अठ्ठ्याण्णवच्या विश्वचषकासाठी पॅरिसजवळ सें-दनीला ऐंशी हजारांचं मैदान उभं राहिलं आणि काझिमीर तिकडे खुर्च्या बसवायला गेला. हेद्विजबाईने गल्लीत घरोघरी ते सांगितलं. एदमों म्हणाला, "ऐंशी हजार खुर्च्या, पण हक्काचा एक क्लब तरी आहे का त्यांना?" आम्ही हसलो. चार दिवस तो खुशीत होता.

मग दोन हजार बारा साली लीलचं नवं मैदान तयार झालं. लील म्हणजे शेजारचं शहर, आणि त्यांच्या संघाशी आमचं जन्माचं वाकडं. पन्नास हजार जागा, वर सरकतं छप्पर, आणि सगळ्या खुर्च्यांची जबाबदारी काझिमीरकडे. डोक्यावर टोपी घालून मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या काझिमीरचा फोटो आईने स्वयंपाकघरात लावला. एदमोंचा एकही फोटो त्या भिंतीवर नव्हता. तेव्हापासून तो कॉफी प्यायला तिच्याकडे जायचा तो भिंतीकडे पाठ करून बसायचा.

ऑगस्टमध्ये काझिमीरने पहिल्या सामन्याची दोन तिकिटं पाठवली, एक आईसाठी, एक भावासाठी. पाकीट एदमोंच्या नावाने आलं. त्याने ते हत्यारांच्या पेटीत तळाशी टाकलं आणि आईला सांगितलं की तिकिटं संपली, काझिमीरला काही जमलं नाही.

सामन्याच्या दिवशी एकोणऐंशी वर्षांची ती बाई चांगला कोट घालून एकटीच आगगाडीत बसली, लीलला उतरली, मेट्रो धरली आणि विचारत विचारत मैदानाच्या गेटावर पोचली. तिकीट नाही म्हटल्यावर पहारेकऱ्याला म्हणाली, मी काझिमीर रतायचाकची आई, त्याला बोलवा. तो धावत आला. तिकिटं पाठवली होती ना, एदमों कुठे आहे, असं त्याने विचारलं, तेव्हा काय झालं ते तिला कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एदमोंच्या दारात उभी राहिली.

"तुला ताप आलाय," ती म्हणाली.

"मला?"

"काझिमीरला मी तसं सांगितलंय. तिकिटं आण."

त्याने आणली. पाकीट फोडलेलं होतं, एका कोपऱ्याला ग्रीस लागलं होतं. बाईने ते न घेता त्याच्याच हातात राहू दिलं.

"मी काही मैदान बघायला गेले नव्हते, एदमों. पोरगं कामावर कसं दिसतं ते बघायचं होतं. तुला तर तीस वर्षं घरच्या खिडकीतून मैदानात काम करताना बघतेय."

एवढं बोलून ती गेली. हे सगळं त्यानेच मला सांगितलं, मान खाली घालून. फ्राइज तशाच गार झाल्या. तो म्हणाला, ओरडली असती तर बरं झालं असतं.

तीन आठवडे त्याने टाळाटाळ केली. मग एका मंगळवारी रजा टाकून, तीच तिकिटं खिशात घालून लीलला गेला आणि काझिमीरच्या टेबलावर ठेवली. काझिमीरने तिकिटांकडे पाहिलं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "आईला खोटं बोलता कुठे येतं? पण तू असं करशील हे आधी कधी वाटलं नव्हतं."

मग काझिमीर त्याला आत घेऊन गेला. रिकाम्या मैदानात ते रांगांमधून चढले. एदमोंने वाकून खुर्च्यांची जोडणी पाहिली, पाठी हलवून पाहिल्या, खोट काढायला काहीतरी मिळेल म्हणून शोध शोध शोधलं. काही सापडलं नाही.

तो परत आल्यावर मी विचारलं, कसं आहे?

"चांगलं आहे रे," तो म्हणाला. "फार चांगलं केलंय त्याने. तेच तर सहन होत नाही."

पण त्यानंतर तो आईला घेऊन वर्षातून दोनदा तिकडे जाऊ लागला. सामना संपला की भावाचा हात हातात घ्यायचा, तोंडाने मात्र कधी वाहवा केली नाही. हेद्विजबाई सांगायची, येताना गाडीत लाँस येईपर्यंत हा अवाक्षर बोलत नाही.